हिरोशिमाचं कौल आणि अल नहदाची बस

सगळ्यात आधी बायचं लिहितो. नाव घालू नको असं तिने बजावलंय, म्हणून नुसतं बाय. वसईची आहे. दुबईत देराला आमच्या ऑफिसात कागदपत्रं आणि फायली बघते, शारजाला अल नहदामध्ये राहते, रोज सकाळी बसने येते. नोकरीला लागलो तेव्हा मी तिला मॅडम म्हटलं, तर म्हणाली, "मॅडम वरच्या मजल्यावर बसतात. मला बाय म्हण." आमच्या रत्नागिरीकडे बहिणीला बाय म्हणतात, त्यांच्याकडेही म्हणतात. बरं झालं. ती मला रत्नागिरी म्हणते. "ए रत्नागिरी, पासपोर्टची कॉपी दे." एवढ्यात आमचं भागतं.

जपानात मी जे बोललो ते तिच्या तोंडून बोललो, आणि तेव्हा ती भरलेल्या बसमध्ये एका हाताने दांडी धरून उभी होती. हे पहिल्यांदा लिहून ठेवतो. नंतर गोष्टीच्या नादात राहून जायला नको.

आता माझं. मी आठवीत शाळा सोडली. लपवण्यासारखं त्यात काही नाही. शाळा सुटली ती खाडीकाठच्या कौलांच्या कारखान्यात जाण्यासाठी, आणि तिथे सहा वर्षं काढली. माझं काम निवडीचं. भट्टीतून कौलं निघाली की एकेक डाव्या हातावर घ्यायचं आणि उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांनी ठोकायचं. टण्ण वाजलं तर पहिला नंबर. आवाज जरा बसका असला तर दुसरा. बद्द वाजलं तर आत तडा आहे, फेकून द्यायचं, मग ते दिसायला कितीही गुळगुळीत असो. दिवसाला हजारो कौलं. अजून माझी ती दोन पेरं इतर बोटांपेक्षा जाड आहेत. कारखाना बंद पडला, मी दुबईला आलो, जुन्या जपानी इंजिनांच्या धंद्यात लागलो. जपानातून गाड्यांचे पुढचे अर्धे भाग इंजिनासकट कापून कंटेनरने येतात, ते आम्ही विकतो. इंजिनही मी तसंच बघतो. हात लावून, वास घेऊन, ठोकून.

आमचा जुना इन्स्पेक्टर चाचा दर वर्षी जपानला जाऊन माल पारखायचा. त्याचे गुडघे गेले, तो गावी परतला. जाताना अरबाबला, म्हणजे आमच्या मालकाला, सांगून गेला की या पोराला पाठव, याचा हात चांगला आहे. मी बेचाळीस वर्षांचा, पण चाचासाठी पोरच.

मॅनेजरला हे पटलं नाही. मॅनेजर ठाण्याचा, दोन डिग्र्या, माणूस वाईट नाही, पण त्याच्या मते इंग्रजी येत नाही तो माणूस पार्सलसारखा, कुणीतरी उचलून न्यावा लागतो. अरबाबने दोघांचं ऐकलं आणि आपल्या हिंदीत निकाल दिला, "एक बार भेजो. अच्छा किया तो इन्स्पेक्टर. अच्छा नहीं किया तो खलास, मुलुख." मॅनेजर सोबत जाणार होता आणि आल्यावर रिपोर्ट तोच देणार होता.

गावी बायको, दोन मुली, मोठी दहावीला. मुलुख म्हणजे कायमचं गावी परत, हे मला नीट कळत होतं.

मी मुळात घाबरट. विमानतळावर चार तास आधी जातो, गॅस बंद केला का ते तीनदा बघतो. त्यात चाचाने जाता जाता एक गोष्ट कानात सांगून ठेवली होती. इंजिनं ज्याच्याकडून घ्यायची तो हिरोशिमाचा म्हातारा गिऱ्हाइकाशी सौदा करायच्या आधी त्याला शहरातलं बॉम्बचं म्युझियम बघायला पाठवतो. नंतर घरी जेवायला बोलावतो आणि एकच प्रश्न विचारतो, काय बघितलंत? उत्तर ऐकतो, मग भाव काढतो.

"तू काय सांगायचास?" मी चाचाला विचारलं.

"मी रडायचो. खरंच यायचं रडू. तेवढं पुरायचं."

मला ठरवून रडता येत नाही. मी बायकडे गेलो. तिने सगळा व्हिसाचा फॉर्म भरला होता, हॉटेलचा पत्ता जपानीत छापून दिला होता, आणि हेही तिने केलं. एका कार्डावर इंग्रजी वाक्य देवनागरीत लिहून दिलं. आय अ‍ॅम व्हेरी सॅड टू सी. आय प्रे फॉर पीस. दुपारच्या डब्याच्या वेळी रोज घोकून घेतलं. "सॅडच्या वेळी हसू नको रे," ती म्हणायची. "तुझे दात दिसतात."

त्या डब्याच्या वेळीच तिचे वसईला फोन चालायचे. आईवडिलांचं दोन खोल्यांचं घर, वर जुनी कौलं, दर पावसात गळतं. भाऊ म्हणतो कौलं काढून पत्रे टाकू. ही म्हणते माझ्या जिवंतपणी नाही. एकदा मी मधेच बोललो, "बाय, सगळी कौलं खराब नसतात. ठोकून बघायची. बद्द वाजतील तेवढीच बदलायची." तिने फोन बाजूला धरून मला सगळं विचारून घेतलं. कसं ठोकायचं, टण्ण म्हणजे काय, बद्द म्हणजे काय. तिला हे माहीत होतं म्हणून पुढचं सगळं जमलं.

हिरोशिमात पहिले दोन दिवस यार्डात गेले. ते माझं राज्य. पंचवीस हाफ-कट बघितले, चार खराब म्हणून बाजूला काढले. मॅनेजर फोटो काढत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी म्युझियम.

खरं सांगतो, शहर बघून मी आधी गोंधळलो. नद्या, पूल, ट्राम, शाळेच्या पिवळ्या टोप्या घातलेली पोरं. सगळं स्वच्छ. मॅनेजर म्हणाला, "बघ, काही खूणसुद्धा ठेवली नाही. शिका काहीतरी." म्युझियमच्या बागेत एक गवताचा गोल उंचवटा आहे. ज्यांचं कुणी न्यायला आलं नाही त्यांची राख तिथे आत आहे, असं मॅनेजरने पाटी वाचून सांगितलं आणि तो बॉम्बमधून उरलेल्या मोडक्या घुमटाचा फोटो काढायला गेला. मी तिथे उभा राहून फातिहा पढलो. ते लोक कुठल्या धर्माचे, चालतं की नाही, मी कुणाला विचारलं नाही. आमच्यात कबरीजवळून गेलं तर पढतात. मी गेलो, मी पढलो.

आत म्युझियममध्ये फार गर्दी आणि अजिबात आवाज नाही. सगळे पाट्या वाचत होते. मला तेवढं भराभर वाचता येत नाही, म्हणून मी वस्तूच बघत होतो. वितळलेल्या बाटल्या. डब्यातला कोळसा झालेला भात. आमच्या शारजाच्या यार्डात जळालेल्या गाड्या येतात, कुठला धातू किती आगीत वाहतो ते मला कळतं. पाटी न वाचता कळतं.

मग ते कौल आलं. हात लावून बघायला ठेवलेलं. काळपट, आमच्या कौलापेक्षा जाड. मी हात ठेवला. वरची बाजू फोडाफोडांची, तव्यावरच्या पापडासारखी. कडेवरून बोट खाली नेलं तर खालची बाजू गुळगुळीत, कोरी.

हे वाचणाऱ्यांपैकी भट्टीवर काम केलेलं कुणी असेल तर त्याच्या लक्षात येईल. बाकीच्यांसाठी सांगतो. कौल हे आगीतून एकदा जाऊन आलेलं असतं. ते पुन्हा आगीला भीत नाही. घर जळून जातं, कौलं उरतात. कौलाला फोड यायचा तर भट्टीच्या तोंडाशी बसून दिवसरात्र आग खावी लागते, आणि तेव्हा ते सगळ्या बाजूंनी वाकडं होतं. सहा वर्षांत मी तसली पाचदहा कौलं पाहिली असतील. पण वरून उकळलेलं आणि खालून कोरं? म्हणजे आग वरून आली आणि खालपर्यंत पोचायच्या आत निघूनही गेली. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. आणि त्या कौलाच्या जागी बाहेर जो माणूस उभा असेल, तो?

तेव्हा मला ते शहर कळलं. आणि कळलं त्याच क्षणी माझ्या हाताने सवयीने जे करायचं ते केलं. मी ते कौल ठोकलं. दोन पेरांनी, जोरात, निवडीला बसल्यासारखं.

टण्ण.

त्या शांत खोलीत देवळातली घंटा वाजल्यासारखं झालं. सगळ्यांनी माना वळवल्या. पांढरे हातमोजे घातलेली तिथली बाई लगबगीने आली. ओरडली नाही. आधी वाकली, मग कौलावरून तळवा फिरवून दाखवला, की असं चालेल, आणि हवेत ठोकून बोट हलवलं, की असं नाही. मीही वाकलो. मॅनेजर माझ्यापेक्षा जास्त वेळा वाकला. सॉरी, सॉरी म्हणत मला दंडाला धरून बाहेर काढलं.

"अक्कल आहे का? म्युझियम आहे ते, तुझं भंगारचं गोडाऊन नाही!"

"साहेब, पहिला नंबर वाजलं ते."

"काय?"

"एवढं होऊनही तडा नाही गेला."

"तू आता जेवताना तोंड उघडायचं नाहीस. कळलं? एक शब्द नाही. दुबईला गेल्यावर मी बघतो तुझं काय ते."

म्हाताऱ्याचं घर यार्डाच्या मागेच. वय पंच्याहत्तरच्या आसपास, म्हणजे युद्धानंतर जन्मलेला. त्याच्या बायकोने भात आणि भाजलेला मासा वाढला. काड्यांनी माझा मासा दोनदा निसटला तेव्हा तिने चमचा आणून ठेवला. जेवण झाल्यावर म्हाताऱ्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि त्याच्या धंद्यापुरत्या इंग्रजीत विचारलं. काय बघितलंत?

मॅनेजरने सुरुवात केली. व्हेरी सॅड. पीस. आणि तुम्ही लोकांनी शहर असं उभं केलंत की कुठे एक खूण उरली नाही, ग्रेट नेशन. बायने माझ्यासाठी लिहिलेलं वाक्य जवळजवळ तेच. म्हातारा "हं" म्हणाला. असं हं मी ओळखतो. दुसऱ्या नंबरचं कौल बाजूला ठेवताना मी तेच म्हणायचो.

मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"ही इज अ टेक्निकल मॅन," मॅनेजर म्हणाला. "नो इंग्लिश, सर."

कार्ड माझ्या खिशात होतं. वाक्य पाठ होतं. म्हटलं असतं तर कुणी मला काही बोललं नसतं. मला मोठ्या मुलीची दहावी दिसत होती, अरबाबचं मुलुख ऐकू येत होतं. पण मी जे बघितलं होतं ते त्या कार्डावर नव्हतं. आणि खूण उरली नाही हे तर धडधडीत खोटं होतं, माझ्या हाताला लागली होती ती खूण. आठवी शिकलेल्या माणसाने काहीच बघितलं नाही, असं का म्हणून ठरवायचं?

"वन मिनिट," मी म्हणालो, आणि फोन काढला.

दुबईत नेटवरून साधे कॉल लागत नाहीत, पण बोललेला मेसेज जातो. मी सगळ्यांसमोर मराठीत बोललो. कारखाना, निवड, फोड, खालची कोरी बाजू, पापणीएवढी आग, आणि मी ठोकलं ते. शेवटी म्हटलं, "बाय, जसं सांगितलं तसं इंग्रजीत बोलून पाठव. गोड करू नको." आणि फोन टेबलावर ठेवला.

तिकडे सकाळचे साडेसात. चौघे जण त्या फोनकडे बघत बसलो. मॅनेजर दातांतून म्हणाला, "तू आता खरंच खलास." म्हातारीने चहा ओतला. तीन मिनिटं असतील, मला तीन दिवस वाटले.

फोन वाजला. मी दाबलं. आधी बसची घरघर, कुणाचं तरी "यल्ला, यल्ला, आगे चलो", कुठल्यातरी लहान मुलाचं रडणं, आणि त्या सगळ्यावरून बायचा आवाज. मोठ्याने, एकेक शब्द सुटा, जणू सगळ्या बसला सांगतेय. सगळं इंग्रजी मला कळलं नाही. सिक्स इयर्स कळलं. वन साइड ओन्ली कळलं. "ही नॉक्ड इट, सर, बिकॉज दॅट इज हिज जॉब," हे पूर्ण कळलं.

म्हाताऱ्याने ते दोनदा ऐकलं. मग मला विचारलं, "साउंड? व्हॉट साउंड?"

मी जिभेने वाजवून दाखवलं. टण्ण.

तो उठून आत गेला. आला तो हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. उघडलं तर तसलंच कौल. बापाने घराच्या जागेवरून उचलून आणलेलं, घराचं एवढंच उरलं, असं त्याने सांगितलं. माझ्यासमोर ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले. "प्लीज."

मी कौल डाव्या हातावर घेतलं. बिस्मिल्ला म्हटलं. ठोकलं.

बद्द.

जागा बदलून ठोकलं. बद्द. कडेला, बद्द. कोपऱ्याचा एक कपचा उडालेला, बाकी बाहेरून एक रेघ नाही, आणि आतून आरपार तडा. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता. मॅनेजर पटकन मराठीत म्हणाला, "चांगलं आहे म्हण. नुसतं व्हेरी गुड म्हण आणि ठेव खाली."

मी पुन्हा फोन उचलला. "बाय, त्याच्या बापाचं कौल आहे. आत तडा गेलाय. सांग त्याला."

या वेळी उत्तर लगेच आलं, आणि मराठीत आलं, स्पीकरवर. "अरे रत्नागिरी, शुद्धीवर आहेस का? म्हाताऱ्या माणसाला असं सांगू? खोटं बोल ना एक दिवस! देवाला मी कळवते हवं तर."

"मी आयुष्यात बद्दला टण्ण म्हटलेलं नाही, बाय. सांग."

आता वेळ लागला. नंतर कळलं, ती तेव्हा उतरायची जागा सोडून पुढे गेली होती. मेसेज आला तो हळू आवाजात. सर, तो माफी मागतो, पण तो कौलाशी खोटं बोलू शकत नाही. आत तडा आहे. एवढंच.

म्हाताऱ्याने मान खाली घातली. मला वाटलं, झालं, आता सामान बांधायचं. मग त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय म्हणून मी उठलो, तर तो हसत होता. डोळे पुसत त्याने बायकोला जपानीत काहीतरी सांगितलं. तिने हातातल्या फडक्याने त्याला एक सणसणीत ठेवून दिली आणि बोलायलाच लागली. थांबेना. त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि मॅनेजरने मला मराठीत, ते असं. चाळीस वर्षांपूर्वी घर बदलताना ते कौल त्याच्याच हातून पायरीवर पडलं होतं. वरून काही दिसलं नाही. फक्त कोपऱ्याचा कपचा उडाला, तो भूकंपाने उडाला असं त्याने बायकोला सांगितलं. बापालाही तेच सांगितलं. बाप ते खरं मानूनच गेला. आजपर्यंत त्या कौलाला हजार लोकांनी नमस्कार केला, पण ठोकलं कुणी नाही.

"बॉम्ब नो ब्रेक," म्हातारा स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला. "आय ब्रेक."

मग तो गंभीर झाला. कौल पुन्हा कापडात बांधलं, तडा गेलेलं, तसंच, दोन्ही हातांनी. मी फेकून द्यायला सांगितलं नाही. निवडीचा नियम छपराच्या कौलाला असतो.

माझी बाजूला काढलेली चार इंजिनं त्याने घासाघीस न करता बदलून दिली. मॅनेजरला म्हणाला, "नेक्स्ट इयर, ही कम." परतीच्या गाडीत मॅनेजरने त्या चार इंजिनांचे फोटो पुन्हा एकदा बघितले. मग म्हणाला, "नशीब चांगलं तुझं."

"नशीब नाही, साहेब. पेरं."

देराला आल्यावर त्याने अरबाबला म्युझियमचं सांगितलंच. अरबाबने मला आत बोलावलं. "तुमने बजाया?" "हां अरबाब." "आवाज कैसा था?" मी सांगितलं. त्याने टेबलावर बोटं वाजवली आणि म्हणाला, "खलास. इन्स्पेक्टर."

बायला मात्र लेखी वॉर्निंग मिळाली. त्या दिवशी ती पाऊण तास उशिरा पोचली होती, आणि कामाच्या वेळेत खाजगी मेसेज वगैरे. एकोणीस वर्षांतली पहिली. मी हात जोडायला गेलो तर ती ते पत्र भोकं पाडून फायलीत लावत होती. "फायली कोण सांभाळतं इथे?" ती म्हणाली. "मीच. बघू कोण शोधून काढतं." बसमधल्या दोघा पठाणांनी त्या दिवसापासून तिला रोज जागा द्यायला सुरुवात केलीय. ती कुणीतरी मोठी आहे, असं त्यांना वाटतं.

लोक आता मला विचारतात, हिरोशिमात काय बघितलंस? मी सांगतो, कौल. काही जण हसतात. हसू देत. त्यांनी घुमट बघितला, फोटो आणले, मीही बघितला. पण ते शहर किती जळलं आणि तरी कसं उभं राहिलं, हे मला दोन पेरांनी सांगितलं, आणि ते मी माझ्या भाषेत सांगितलं. पुढे ते इंग्रजीत पोचवायला माझी बाय होती.

म्हणून हे तिच्यासाठी लिहून ठेवतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. बाय, एक दिवस मी वसईला येईन. एप्रिलमध्ये, पावसाच्या आधी, सुट्टी घेऊन. तुझ्या घरावर चढेन, एकेक कौल उतरवीन आणि प्रत्येक ठोकून बघीन. बद्द वाजतील तेवढी बदलीन, टण्ण वाजतील ती परत तिथेच बसवीन. सगळं छप्पर माझ्या हाताने शाकारून देईन. तोवर भावाला सांग, पत्र्याचं नाव काढू नको म्हणावं. रत्नागिरी येतोय.